अमेरिकन सिव्हिल वॉरमधले जर्मन: भाडोत्री की ध्येयवेडे?

सेंट लुइसवासी:

नमस्कार मंडळी. मी मिसूरीत राहतो, इथे फॉरेस्ट पार्कमध्ये फ्रान्झ सिगेल नावाच्या जर्मन जनरलचा घोड्यावरचा पुतळा आहे. परवा ऑफिसात जेवताना सिव्हिल वॉरचा विषय निघाला आणि एक सहकारी, मूळचा दक्षिणेकडचा, इतिहासाचा भारी नाद असलेला, तो म्हणाला की उत्तरेने ते युद्ध जर्मन आणि आयरिश भाडोत्री लोकांच्या जिवावर जिंकलं, बोटीतून उतरवायचे, हातात बंदूक द्यायची आणि पाठवायचे, आणि तुझे ते जर्मन तर चान्सलर्सव्हिलच्या लढाईत पायाला भिंगरी लावल्यासारखे पळाले.

मला ते अजिबात पटलं नाही पण उत्तर द्यायला माहिती कमी पडली. आकडे बघितले तर जर्मन राज्यांत जन्मलेले जवळपास दोन लाख सैनिक युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने लढले, म्हणजे ढोबळमानाने दर दहा सैनिकांमागे एक. एवढी माणसं नुसत्या पगारासाठी परक्या देशाच्या भांडणात मरायला जातील का? आणि चान्सलर्सव्हिलला नेमकं काय झालं? दक्षिणेकडून लढणारे जर्मन पण होते का? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय, सविस्तर लिहा, मोठं झालं तरी वाचेन.

जुनी पानं:

बरं केलंत धागा काढलात. तुमचा सहकारी जे बोलला ते १८६३ सालीच अमेरिकन पेपरांनी छापलं होतं आणि ते तेव्हाही खोटंच होतं. चान्सलर्सव्हिलवर वेगळा प्रतिसाद देतो कारण तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आधी हे लोक आले कुठून ते बघू.

१८४८ मध्ये जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, ३९ छोटीमोठी राज्यं होती, कुठे राजा कुठे ड्यूक, पेपरांवर सेन्सॉर. त्या वर्षी पॅरिसपासून व्हिएन्नापर्यंत सगळीकडे लोक रस्त्यावर आले, मागणी काय तर राज्यघटना द्या, निवडून आलेली संसद द्या, एकसंध देश द्या. वर्षभरात ते सगळं चिरडलं गेलं. शेवटची झुंज १८४९ च्या उन्हाळ्यात बाडेनमध्ये झाली, प्रशियाच्या फौजेसमोर. त्या क्रांतिकारी सरकारचा युद्धमंत्री कोण होता तर तुमच्या पार्कातला हाच सिगेल, विशीतला पोरगा, कार्ल्सरूहच्या मिलिटरी अकादमीत शिकलेला. हरल्यावर काही तुरुंगात गेले, काहींना गोळ्या घातल्या, उरलेले स्वित्झर्लंड, लंडन करत अमेरिकेला पोचले. अमेरिकेत त्यांना फोर्टी-एटर्स म्हणतात.

कार्ल शुर्त्सचंच बघा. बॉन विद्यापीठातला विद्यार्थी, राश्टाटच्या किल्ल्याला प्रशियाचा वेढा पडला तेव्हा आत होता, पकडलं जाणार हे दिसल्यावर गावाखालच्या गटारातून निसटला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण त्याचे प्रोफेसर किंकेल श्पांडाउच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होते, तर हा एकवीस वर्षांचा मुलगा खोट्या पासपोर्टवर परत आला, एक पहारेकरी फोडला आणि नोव्हेंबर १८५० मध्ये रात्री प्रोफेसरसाहेबांना माळ्यावरून दोरखंडाने खाली उतरवून पळवून नेलं. हाच माणूस पुढे विस्कॉन्सिनमध्ये लिंकनच्या प्रचाराला जर्मनमध्ये भाषणं देत फिरला, लिंकनने त्याला स्पेनमध्ये राजदूत नेमलं, आणि ती नोकरी सोडून १८६२ मध्ये तो लढाईवर आला. याला भाडोत्री म्हणायचं?

या लोकांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. युरोपात सरदारांच्या हक्कांविरुद्ध लढलो, इथे गुलामांचे मालक म्हणजे तेच सरदार, फक्त कापसाच्या शेतात बसलेले. १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिसूरीत लिंकन चौथ्या नंबरवर गेला, अख्ख्या राज्यात फक्त दोन काउंट्या त्याच्या बाजूने, एक सेंट लुइस आणि दुसरी गॅस्कोनेड, म्हणजे तुमचं ते वाइनवालं हर्मन गाव आहे ना तीच. दोन्हीकडे जर्मन वस्ती.

आणि सेंट लुइस हातचं गेलं नाही ते यांच्यामुळे. मिसूरीचा गव्हर्नर फुटून निघायच्या बाजूचा, शहरातल्या शस्त्रागारात हजारो बंदुका, त्यावर त्याचा डोळा. तेव्हा टर्नर मंडळं, म्हणजे जर्मनांच्या तालमीच म्हणा, तिथली पोरं गुपचूप कवायत करत होती, कॅप्टन नॅथॅनियल लायनने त्यांनाच सैन्यात भरती करून घेतलं. १० मे १८६१ ला त्यांनी कॅम्प जॅक्सनला वेढा घालून राज्याची मिलिशिया पकडली, आता सेंट लुइस युनिव्हर्सिटी आहे त्या भागात. कैद्यांना रस्त्याने नेताना जमाव बिथरला, दगड, शिव्या, मग गोळीबार, २८ च्या आसपास माणसं गेली आणि त्यात बघे लोक, बायकामुलं पण होती. हा डाग आहेच, लपवायचं कारण नाही. पण शहर, शस्त्रागार आणि तिथून जाणारी मिसिसिपी युनियनकडे राहिली.

गोदाकाठ:

जुनी पानं, तुमचा प्रतिसाद आवडला पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका असं मला वाटतं. अठ्ठेचाळीसवाले गाजले कारण ते लिहिणारे बोलणारे लोक होते, संपादक, वकील, मास्तर. ते सगळे मिळून काही हजार. दोन लाखांमधला बाकीचा सैनिक कोण तर सुतार, शिंपी, बेकर, ब्रुअरीतला कामगार, विस्कॉन्सिनमध्ये जंगल तोडून शेत केलेला शेतकरी. तो बटाट्याच्या रोगामुळे, वडिलांच्या जमिनीचे तुकडे पडून पोट भरेना म्हणून आलेला. एकट्या १८५४ मध्ये दोन लाखांच्या वर जर्मन अमेरिकेत उतरले, त्यांना क्रांतीशी काय देणंघेणं.

साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, भरती झालं की वरून बाउंटीचे, म्हणजे भरतीच्या बक्षिसाचे, पैसे, आणि काम बंद पडलेल्या शहरात हे पैसे म्हणजे घरचा आधार होता, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अनेक कॅथलिक जर्मन तर डेमोक्रॅट होते, त्यांना लिंकनही आवडत नव्हता आणि ते धर्म न मानणारे अठ्ठेचाळीसवाले तर त्याहून नाही. नोव्हेंबर १८६२ मध्ये विस्कॉन्सिनच्या पोर्ट वॉशिंग्टनला सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल झाली ती जर्मन आणि लक्झेंबर्गी शेतकऱ्यांनीच केली, भरतीच्या याद्या फाडल्या, अधिकाऱ्याला मारहाण केली.

पण म्हणून भाडोत्री शब्द बरोबर ठरतो का, तर नाही. यातले बहुतेक सात-आठ-दहा वर्षं तिथे राहिलेले, लग्नं झालेली, घर बांधलेलं. आणि आणखी एक कारण होतं जे मला सगळ्यात जास्त भिडतं. १८५० च्या दशकात नो-नथिंग नावाचा पक्ष फोफावला होता, परदेशातून आलेल्यांना मतदान नको, पदं नकोत. ऑगस्ट १८५५ मध्ये लुइव्हिलला निवडणुकीच्या दिवशी जमावाने जर्मन आणि आयरिश वस्त्यांवर हल्ले केले, घरं जाळली, निदान २२ माणसं मेली. ज्याने हे बघितलंय त्याच्यासाठी युनियनचा निळा कोट अंगावर चढवणं म्हणजे मी इथलाच आहे हे सांगण्याचा सगळ्यात पक्का मार्ग. आज परदेशात राहणाऱ्या कुणालाही हे समजायला कठीण जाऊ नये.

सेंट लुइसवासी:

गोदाकाठ, शेवटचं वाक्य अगदी पटलं. हर्मनला दोनदा जाऊन आलोय पण ती निवडणुकीची गोष्ट तिथे कुणी सांगितली नाही. जुनी पानं, चान्सलर्सव्हिलची वाट बघतोय.

जुनी पानं:

गोदाकाठ यांच्याशी सहमत, पगाराचा मुद्दा मान्य.

आता २ मे १८६३. व्हर्जिनियातलं घनदाट जंगल. युनियनचा सेनापती जो हुकर, समोर रॉबर्ट ली. हुकरच्या रांगेचं अगदी उजवं टोक ११ व्या कोअरकडे (कोअर म्हणजे सैन्याचा मोठा विभाग), साधारण ११ हजार माणसं, त्यातले निम्म्याहून कमी जर्मन हे आधी लक्षात घ्या. ही कोअर आधी सिगेलकडे होती, तो ते पद सोडून गेला आणि महिनाभरापूर्वी ऑलिव्हर हॉवर्ड आला, शूर माणूस, एक हात लढाईत गमावलेला, पण अतिशय धार्मिक आणि या बिअर पिणाऱ्या, चर्चला न जाणाऱ्या लोकांशी त्याचं सूत कधी जुळलंच नाही.

रांगेचं तोंड दक्षिणेला. उजव्या टोकाला ना नदी, ना टेकडी, नुसतं रान. पश्चिमेकडे तोंड करून काय उभं होतं तर फॉन गिल्साच्या दोन रेजिमेंट्स आणि दोन तोफा. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं दार सताड उघडं असा प्रकार. सकाळी हुकरने स्वतः हॉवर्डला लिहून कळवलं की उजवी बाजू सांभाळ. दिवसभर समोरच्या रानातून शत्रूची लांबच लांब रांग उजवीकडे सरकताना दिसत होती, वरच्यांनी अर्थ काढला की ली माघार घेतोय. शुर्त्सने हॉवर्डला जाऊन सांगितलं की तोंड पश्चिमेला फिरवू या, हॉवर्डने ऐकलं नाही. शिमेलफेनिग या जर्मन ब्रिगेडप्रमुखाने टेहळणी पथकं पाठवली, त्यांनी तेच सांगितलं. ह्यूबर्ट डिल्गर म्हणून तोफखान्याचा कॅप्टन होता, बाडेनच्या सैन्यातून आलेला, तो स्वतः घोड्यावर बघायला गेला, शत्रूच्या घोडेस्वारांच्या तावडीतून कसाबसा सुटून आला आणि वर रिपोर्ट दिला, कुणी विश्वासच ठेवला नाही. वर कहर म्हणजे राखीव ठेवलेली एकुलती एक मोठी ब्रिगेड दुपारी दुसरीकडे मदतीला पाठवली, आणि हॉवर्ड स्वतः तिच्याबरोबर गेला.

संध्याकाळी सव्वापाच साडेपाचची वेळ. बंदुका एकमेकींना टेकवून ठेवलेल्या, चुलींवर जेवण शिजतंय. अचानक रानातून हरणं आणि ससे छावणीत धावत आले, पोरं हसली, टोप्या उडवल्या. त्या जनावरांच्या मागे लीचा जनरल स्टोनवॉल जॅक्सन याची २५ हजारांवर माणसं होती.

सांगा, अशा वेळी कोण उभं राहील? आणि तरी उभे राहिले. शुर्त्सने दुपारीच स्वतःच्या जबाबदारीवर दोन रेजिमेंट्स पश्चिमेला वळवून ठेवल्या होत्या, ५८ वी न्यूयॉर्क आणि मिलवॉकीची २६ वी विस्कॉन्सिन, ही २६ वी म्हणजे पहिल्यांदाच लढाई बघणारी पोरं, ती हॉकिन्स फार्मपाशी दोन्ही बाजूंनी गोळ्या येईपर्यंत लढली. बुशबेकच्या ब्रिगेडने रस्त्यालगत खंदकातून आणखी वेळ काढला. डिल्गर एकच तोफ घेऊन रस्त्याने मागे सरकत गोळे टाकत राहिला, त्याला पुढे मेडल ऑफ ऑनर मिळालं. कोअरचे जवळपास २,४०० जण मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. या सगळ्यात अंधार पडला आणि जॅक्सनचा हल्ला थांबला, त्याच रात्री अंधारात त्याच्याच माणसांच्या गोळ्या त्याला लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात पेपरांत काय? पळपुटे जर्मन. खापर फोडायला परकी नावं सापडली, फॉन गिल्सा, शिमेलफेनिग, क्रझिझानोव्स्की (हा तर पोलिश), की हुकरची आणि हॉवर्डची चूक आपोआप झाकली जाते. पळणाऱ्यांत ओहायोचे, कनेक्टिकटचे अमेरिकन पण होते, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. शुर्त्सने चौकशी समिती नेमा म्हणून मागणी केली, ती मिळाली नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला कूपर इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन लोकांनी निषेधाची सभा घेतली. हॉवर्ड आपल्या जागी कायम.

मग १ जुलैला गेटिसबर्ग, पुन्हा उघड्या मैदानात दोन बाजूंनी मार, पुन्हा गावातून माघार, पुन्हा तीच शिवी. शिमेलफेनिग गल्लीत अडकला, एका घराच्या परसात लाकडांच्या ढिगाआड, डुकरांच्या खुराड्याशेजारी ४ जुलैपर्यंत लपून बसला, घरातल्या बाईने डुकरांचं खाणं घेऊन जायच्या मिषाने त्याला भाकरी पोचवली. त्यावरूनही लोकांनी टिंगल केली. तोच माणूस फेब्रुवारी १८६५ मध्ये चार्ल्सटन शहराचा ताबा घ्यायला आत शिरला, जिथे युद्धाची पहिली तोफ उडाली होती तेच चार्ल्सटन. तोवर टीबीने पोखरला होता, त्याच वर्षी सप्टेंबरात गेला.

हे सगळं तुमच्या सहकाऱ्याला जरूर सांगा, मला राग येतो तो याचाच की दीडशे वर्षांनीही लोक तेव्हाच्या पेपरातली वाक्यं म्हणतात.

ह्यूस्टनकर:

दक्षिणेतल्या जर्मनांबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, माझ्या राज्याचा विषय आहे. हो, होते. कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, सरकारचा अर्थमंत्री मेमिंगर हा व्युर्टेम्बर्गमध्ये जन्मलेला. पोर्ट रॉयलला १८६१ मध्ये फोर्ट वॉकरवर चार्ल्सटनचे जर्मन तोफची लढले, त्यांचा म्होरक्या वागेनर. दक्षिणेच्या घोडदळाचा जनरल जेब स्टुअर्ट याच्या स्टाफवर फॉन बोर्के नावाचा धिप्पाड प्रशियन अधिकारी होता, मानेत गोळी लागूनही जगला. पण संख्या कमी, कारण मुळात स्थलांतरित लोक दक्षिणेत कमीच गेले, गुलाम फुकटात राबतायत तिथे मजूर आणि कारागिराला काय भाव मिळणार.

टेक्सासची गोष्ट मात्र वेगळी. हिल कंट्रीत फ्रेडरिक्सबर्ग, कम्फर्ट ही जर्मन गावं, बरेचजण गुलामगिरीच्या विरोधात, १८६२ मध्ये सक्तीची कॉन्फेडरेट भरती आली. साठेक जण मेक्सिकोमार्गे युनियनकडे जायला निघाले. न्युएसेस नदीकाठी मुक्काम होता, १० ऑगस्ट १८६२ ला पहाटे कॉन्फेडरेट तुकडीने गाठलं. लढाईत १९ मेले ते मेले, पण जे जखमी होऊन हाती लागले त्यांना नंतर गोळ्या घालून मारलं, आणि कुणालाही पुरलं नाही. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये घरचे लोक जाऊन हाडं गोळा करून घेऊन आले. कम्फर्टमध्ये चुनखडीचा साधा चौकोनी खांब आहे, बाजूंवर नावं कोरलेली, आणि जर्मनमध्ये लिहिलंय, युनियनशी एकनिष्ठ. कॉन्फेडरेट राज्याच्या पोटात, १८६६ मध्येच उभारलेला. सॅन अँटोनिओपासून तासाभरावर आहे, टेक्सासला आलात तर आवर्जून जा. आडनावं वाचताना कळतं की एकाच घरातले दोन-दोन भाऊ गेलेत.

कापूसकोंड्या:

उत्तम धागा. एक छोटी भर. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची गुलामगिरी कुणाला अर्पण केली माहितीय ना, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपल्या शाळेत हे एका ओळीत संपतं. पुण्यात बसून जोतीराव ज्यांना नमस्कार करत होते त्या लोकांमध्ये हे सुतार शिंपी पण आले, असा विचार मी आजवर केला नव्हता. आणि त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद होऊन मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला, ते सगळ्यांना माहीतच आहे.

जाता जाता प्रश्न: मार्क्सचे काही मित्र पण या युद्धात होते असं वाचलेलं, खरं का?

गोदाकाठ:

कापूसकोंड्या, खरं आहे, आणि एक तर मित्र नाही, भांडलेला. योसेफ वायडेमायर हा मित्र, प्रशियाच्या तोफखान्यातला माजी अधिकारी, मिसूरीच्या रेजिमेंटचा कर्नल झाला, सेंट लुइसच्या बचावाचं काम बघायचा.

भांडलेला तो आउगुस्ट विलिश. माझा सगळ्यात आवडता. प्रशियन अधिकाऱ्याचा मुलगा, स्वतः अधिकारी, कम्युनिस्ट झाला म्हणून सैन्य सोडलं आणि सुतारकाम शिकला. १८४९ ला बाडेनमध्ये लढला तेव्हा त्याचा सहायक होता फ्रेडरिक एंगल्स. लंडनमध्ये मार्क्सशी एवढं बिनसलं की द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, मार्क्सने नाकारलं, मार्क्सच्या बाजूने एक तरुण श्राम उतरला आणि डोक्याला गोळी चाटून जखमी झाला. मग विलिश अमेरिकेत, आधी ब्रुकलिनच्या गोदीत सुतार, नंतर सिन्सिनाटीत कामगारांच्या जर्मन पेपरचा संपादक.

युद्ध लागल्यावर पन्नाशीचा हा माणूस ३२ व्या इंडियानाचा कर्नल झाला, अख्खी रेजिमेंट जर्मन, हुकूमही जर्मनमधून. शायलोच्या लढाईत माणसं गोळीबारात थोडी डगमगली तर हा शत्रूकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि परेड ग्राउंडवर असल्यासारखी बंदुकीची कवायत करून घेतली, ती शांत झाल्यावरच पुढे नेलं. केंटकीत रॉलेट्स स्टेशनला डिसेंबर १८६१ मध्ये त्यांचे जे साथीदार पडले त्यांच्यासाठी ब्लोडनर नावाच्या त्यांच्यातल्याच एका शिपायाने दगडात स्मारक कोरलं, मजकूर जर्मनमध्ये. सिव्हिल वॉरचं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं स्मारक ते, आता लुइव्हिलच्या म्युझियममध्ये आहे. हो, तेच लुइव्हिल, जिथे १८५५ ला जर्मनांची घरं जाळली होती.

सेंट लुइसवासी:

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं सहकाऱ्याला सांगणार आहे. शेवटचा एकच प्रश्न, ज्याच्या पुतळ्यावरून सुरू झालं तो सिगेल जनरल म्हणून कसा होता?

जुनी पानं:

खरं सांगायचं तर बेताचा. विल्सन्स क्रीकला, ऑगस्ट १८६१, शत्रूच्या मागे जाऊन हल्ला करायचं काम त्याच्याकडे होतं, सुरुवात चांगली झाली, पण राखाडी कपड्यातले लुइझियानाचे लोक समोरून आले ते त्याला आपलेच आयोवाचे वाटले, जवळ येऊ दिलं आणि सगळी तुकडी उधळली गेली. लायन त्याच लढाईत मारला गेला. पी रिजला मार्च १८६२ मध्ये मात्र त्याने दुसऱ्या दिवशी तोफा इतक्या सुंदर लावल्या की ती लढाई जिंकण्यात त्याचा मोठा वाटा आहे, मिसूरी युनियनकडे राहिलं ते त्यानेच पक्कं झालं. मग न्यू मार्केट, मे १८६४, तिथे पुन्हा हार, समोर मिलिटरी कॉलेजचे कॅडेट पोरं पण लढत होते.

तरी त्याला इतकी वर्षं ठेवलं कारण त्याच्या नावावर जर्मन पोरं भरती व्हायची आणि जर्मन मतं यायची, लिंकनला दोन्ही हवं होतं. मला विचाराल तर मिसूरीच्या जर्मनांतला अस्सल जनरल म्हणजे पीटर ऑस्टरहाउस. कोब्लेंत्सचा, सेंट लुइसला हिशेबनिसाची नोकरी करायचा. पी रिज, व्हिक्सबर्ग, मिशनरी रिज सगळीकडे होता, युनियनचा जनरल शेर्मन याच्या समुद्रापर्यंतच्या मोहिमेत १५ वी कोअर त्याच्या हाताखाली, आणि मे १८६५ मध्ये मिसिसिपीच्या पश्चिमेकडच्या कॉन्फेडरेट सैन्याची शरणागती ठरली तेव्हा युनियनकडून बोलणी करायला तोच होता. सहकाऱ्याला भेटाल तेव्हा हे नाव पहिलं सांगा.